आधी आबदारानं चाखायचं

माणिकरावांनी मला कधी शेठ म्हटलं नाही. अफझलगंजातले हमाल म्हणायचे, टांगेवाले म्हणायचे, ज्यांना मी भावात रगडलं तेही दात-ओठ खात का होईना, पण शेठच म्हणायचे. माणिकराव भर बाजारात हाक मारायचे, "ग्यानबा." गाव एकच, उदगीरकडचं. त्यांनी मला ढोरांमागं उघड्या पायानं पळताना पाहिलं होतं. मी रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून दारोदार हिंडलो, मग अफझलगंजात दुकान केलं, माझ्या नावाची पाटी लावली. त्यांच्या लेखी मी ग्यानबाच. मला त्याचा राग यायचा. राग आजही आहे, पण तो आता दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

नवाबसाहेबांच्या देवडीत ते आबदार होते. देवडी म्हणजे जहागीरदाराची हवेली. तिथं प्रत्येक कामाचा वेगळा खाना असे. स्वयंपाकाचा बावर्चीखाना, कपड्यांचा तोशाखाना आणि पिण्याचा आबदारखाना. घरात जे काही प्यायलं जाई ते आबदाराच्या हातून. दिवसा पाणी आणि सरबत, संध्याकाळी पाहुणे आले की विलायती दारू.

पाणी गार करायची त्यांची रीत जुनी होती. लांब मानेची जस्ती सुरई पाण्यानं भरायची, ती सोरा, म्हणजे पाणी गारठवणारा खार, घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवायची आणि मान धरून फिरवत बसायचं. शहरात बर्फाचा कारखाना निघून जमाना झाला होता. माणिकराव बर्फाला हात लावत नसत. म्हणायचे, "बर्फानं पाणी थंड होतं. गार होत नाही." फरक काय, हे मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू पितोस कुठं, तू गिळतोस." कुणीही पाणी मागो, सुरईवर तळवा ठेवून बघायचे आणि मनाला आलं नाही तर सांगायचे, "अजून गार नाही झालं. दम धरा." मोठमोठ्या हुद्देदारांना मी तिथं कोरड्या घशानं बसलेलं पाहिलं आहे. ग्लास द्यायचे तो बुडाशी दोन बोटांनी धरून. कडेला बोट लागलेला ग्लास त्यांच्या लेखी उष्टा. सुरई फिरवायची सवय मनगटात इतकी भिनली होती, की रिकामे बसले, बोलत असले, तरी उजवा हात हवेत हळूहळू फिरत राहायचा.

आबदाराचा आणखी एक नेम होता. मालकाच्या आधी आबदारानं चाखायचं. कुणा पूर्वजाच्या काळी विषाची भीती असेल. भीती गेली, नेम राहिला. चांदीच्या चमच्यात थोडं ओतायचं, स्वतः घ्यायचं, घटकाभर सरळ उभं राहायचं, मग पेला पुढं करायचा. पाण्याचं ठीक आहे. पण दारूचंही तसंच होतं, आणि पाहुणे रोजचे. त्यांची नोकरीच त्यांना पाजत होती. मी मागल्या दारानं रिकाम्या बाटल्या घ्यायला जायचो तेव्हा ते भिंतीला पाठ लावून बसलेले असत. डोळे लाल. बाटल्यांच्या तळाला राहिलेलं आधीच संपलेलं असे. गंगावहिनी, त्यांची बायको, दोनदा माहेरी निघून गेली आणि दोनदा परत आली.

मग एका संध्याकाळी मेजवानीत त्यांच्या हातून सुरई सुटली. पाणी गालिचावर गेलं.  नवाबसाहेबांनी नुसतं दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं आणि करीम नावाच्या खिदमतगाराच्या हातून पाणी घेतलं.

"शिवी घातली असती तर मी दोन दिवसांत विसरलो असतो," माणिकराव मला म्हणाले होते. "जोडा मारला असता तरी. करीमच्या हातचं पाणी प्याले रे. करीमला ग्लास धरता येत नाही."

त्यानंतरच्या मोहरमात ते फकीर झाले. आमच्या शहरात कितीतरी हिंदू घरांत हा नवस असायचा. मोहरमात गळ्यात हिरवा धागा बांधून घ्यायचा, ते दिवस दारूला शिवायचं नाही, अलाव्यापाशी, म्हणजे पंजे-ताबूत बसतात तिथं, उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजायचं. दिवस संपले की धागा उतरवायचा आणि पुन्हा आपला संसार. माणिकरावांनी तो उतरवलाच नाही. मुजावर म्हणाला, "माणिकराव, दिन हो गये, निकालो." हे म्हणाले, "तुमचे झाले. माझे अजून चालू आहेत."

नवाबसाहेबांनी तेव्हा मोठेपणा केला, हे मी कबूल करतो. दारू चाखायचं काम करीमला दिलं. पण दारूच्या कपाटाची किल्ली माणिकरावांच्याच कमरेला ठेवली. देवडीत सगळे हसले. मीही म्हटलं, "माणिकराव, हे म्हणजे मांजराला दुधाची राखण."

"तुला नाही कळायचं ग्यानबा," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी दहा माणसांना ओततो. वास नाकात जातो. हात कापतात. पण सरकार समोर बसलेले असतात. त्यांच्यापुढं कसा पिणार?"

"आणि ते नसतील तेव्हा?"

"तेव्हा किल्ली असते की कमरेला. ती टोचते."

खरंच, ते पीत नव्हते. अंग थरथरायचं, घाम यायचा, मग ते रिकामी सुरई रिकाम्या परातीत ठेवून फिरवत बसायचे. गंगावहिनी मला म्हणाली, "भावजी, लोकांची माणसं रडतात, हे फिरवतात. फिरवू द्या."

पोलीस अॅक्शन झाली, जुनं राज्य गेलं आणि शहराचं वारं एका रात्रीत फिरलं. काल जे मिरवत होते ते दारं लावून बसले. काल जे दबून होते त्यांची छाती पुढं आली. त्या दिवसांत अफझलगंजच्या पुलाजवळ चार-पाच पोरांनी माणिकरावांना अडवलं. मी दुकानाच्या पायरीवर होतो.

"काका, हा हिरवा धागा काढा आता. दिवस बदलले."

"तुमचे बदलले," माणिकराव म्हणाले. "मी कालचाच आहे."

एकानं धाग्याला हात घातला. माणिकराव एरवी परक्याला अरे-तुरे करत नसत. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाळ, हा तुटला तर पहिला पेला मी तुझ्या दारात बसून पिईन, आणि मग माझी बायको-पोरगी तू सांभाळायची. आहे तयारी?" पोरं हसली आणि गेली. मी शिव्या द्यायला खाली उतरलो होतो, त्याची गरजच पडली नाही.

पुढल्या वर्षी जहागिऱ्या खालसा झाल्या. तखफीफ हा शब्द तेव्हा शहरात पटकीसारखा पसरला. तखफीफ म्हणजे नोकरकपात. सरकारी कचेऱ्यांत, फौजेत, बड्या अमिरांच्या पायगांमध्ये, जो भेटेल तो विचारायचा, तुमच्याकडं काय झालं. देवड्यांना तर तखफीफ सुद्धा नव्हती. मालकाचंच उत्पन्न गेलं, तिथं नोकर कुठले राहणार. नवाबसाहेबांनी देवडी विकायला काढली आणि एका सकाळी सगळ्यांना चौकात बोलावलं. पितळेची भांडी मी घेणार होतो म्हणून मीही तिथं होतो.

नवाबसाहेब खुर्चीत बसले होते. म्हणाले, "जिसका खाना, उसका हक." ही त्या घराची रीत. नोकर सुटताना त्याला त्याच्या खान्यातली चीज द्यायची. बावर्चीला देगा मिळाल्या, फर्राशाला गालिचे मिळाले, सईसाला खोगीर. जो तो पुढं होऊन सलाम करी आणि डोळे पुसत मागं येई.

"माणिकराव," नवाबसाहेब म्हणाले, "अलमारी तुम्हारी."

कपाटात त्यांची सुरई, परात, चांदीचा चमचा आणि विलायती बाटल्यांची एक भरलेली पेटी होती. आजूबाजूचे कुजबुजले, "नशीब काढलं म्हाताऱ्यानं." माणिकरावांनी कमरेची किल्ली सोडून मालकापुढं ठेवली, झुकून सलाम केला आणि पेटी स्वीकारली. त्यांचा हात गळ्यातल्या धाग्याकडं गेला, तेवढं मी पाहिलं.

नवाबसाहेब दुष्ट नव्हते. करीमला चाखायला लावणारा हाच माणूस. पण रीत पाळताना माणूस विचार करत नाही, रीतच त्याच्यासाठी विचार करते. आणि मालकानं दिलेलं नाही म्हणायचं, हे माणिकरावांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी मलकपेठेत एक खोली घेतली. मी दुसऱ्याच आठवड्यात तिथं गेलो. पेटी दारातच होती. वर फळी टाकून तिच्यावर पाण्याचे माठ मांडले होते.

"माणिकराव, पेटी मला द्या," मी म्हटलं. "भाव तुम्ही बोला."

"सरकारनी दिलेली चीज बाजारात मांडू? उद्या त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? माणिकरावनं आमची आठवण विकली."

"मग फोडा. गटारात ओता."

"चीज फोडतात होय रे?"

"मग काय करणार?"

"ठेवणार. माठाला बैठक बरी झाली."

गंगावहिनी आतून म्हणाली, "भावजी, तुम्ही उचलून न्या. ह्यांना विचारू नका." मी पेटीला हात घातलाही. माणिकराव उठून माठाला टेकून उभे राहिले. त्यांच्याशी झोंबी कोण खेळणार. मी रागारागानं निघालो. त्यानंतर मी कितीदा गेलो, दर वेळी भाव वाढवला, एकदा तर तोटा खाऊन बोललो, आणि मी तोट्यात बोलणारा माणूस नाही. ते हसून माठातलं पाणी सुरईत गार करून द्यायचे. त्याआधी सुरईवर तळवा ठेवायचे. "दम धर ग्यानबा. अजून गार नाही झालं."

काम त्यांनी शोधलं नाही असं नाही. आबिड्सवरच्या एका हॉटेलात गेले. मालकानं विचारलं, काय येतं? हे म्हणाले, पाणी गार करता येतं. मालकानं बर्फाची पेटी दाखवली. एका क्लबात मात्र त्यांना लगेच ठेवून घ्यायला तयार होते. पेला धरायची ती पद्धत पाहूनच तिथला मॅनेजर खूश झाला. काम दारू ओतायचं. माणिकराव एक संध्याकाळ उभे राहिले आणि घरी आले.

"का?" मी विचारलं. "देवडीतही ओततच होता की."

"तिथं सरकार होते. इथं कुणापुढं न पिऊ?"

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचे नखरे. मी त्यांना माझ्या दुकानात बोलावलं. बाटल्या धुवायचं काम, हौदाशी सावलीत बसून. ते सकाळी आले, बाह्या वर केल्या आणि असं काम केलं की बाटल्या धुणाऱ्या बायका बघत राहिल्या. पण प्रत्येक बाटली हौदात बुडवायच्या आधी ते तिला नाकाशी नेत. त्यांची सवयच ती. दुपारी उठले, हात पुसले.

"ग्यानबा, हे काम हाताला जमतं. नाकाला नाही जमत."

मी भडकलो. दिलेलं काम लाथाडून कुणी उठलं की मला खपत नाही. म्हटलं, "उपाशी मरा मग धागा चघळत." ते बाह्या खाली करून निघून गेले.

तरी ते पीत नव्हते. हे मला आजही कुणाला सांगायचं झालं तर मी जोरानं सांगतो. घरात दाणे नव्हते, गंगावहिनी लोकांचे पापड लाटत होती, पोरीचं लग्न अडलं होतं, आणि भरलेली पेटी दारात होती. त्यांनी तिला हात लावला नाही. सुरई फिरवत बसायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून पाणी पाजायचे, फुकट. मला एकदा म्हणाले, "पाजतोय तोवर आबदार आहे मी. तखफीफ देवडीत झाली, माझी नाही झाली."

दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन गेलो. मनात होतं, सणाचा दिवस आहे, आज सौदा जमेल. पानं देऊन बसलो तर दारात सायकलरिक्षा थांबली आणि नवाबसाहेब उतरले. शेरवानी तीच, पण कोपरावर विरलेली. जुन्या नोकरांकडं सणाला जायची त्यांची रीत होती. पूर्वी मोटार पाठवत, आता स्वतः आले.

माणिकरावांची एकच धांदल उडाली. त्यांनी सुरई फिरवली, तळवा ठेवला, चमच्यात घेऊन चाखलं, ग्लास पुढं केला. नवाबसाहेब प्याले आणि डोळे मिटून म्हणाले, "ये पानी अब कहीं नहीं मिलता." माणिकराव एकदम तरुण दिसले.

मग नवाबसाहेबांची नजर माठांखाली गेली. "अरे, ये तो अपनी पेटी है. अब तक रखे?"

"सरकारची चीज आहे."

"तो आज दसरा है. एक घूँट हो जाए. तुम्हारे हाथ से."

गंगावहिनी आतल्या दारात आली. "अहो," म्हणाली. एकदाच. माणिकरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. माठ एकेक करून खाली उतरवले, फळी काढली, बाटली काढून पुसली. पेला आणला. त्यात ओतलं. मग चांदीचा चमचा हातात घेऊन थांबले. इथं करीम नव्हता.

मी उठलो. म्हटलं, "माणिकराव, इकडं आणा, मी चाखतो." मी जन्मात थेंब घेतलेला नव्हता.

"ग्यानबा, बस खाली. हे तुझं काम नव्हे."

नवाबसाहेबांना ते कळलं असावं. त्यांना वाटलं आपण ह्या माणसाला सोडवू. ते प्रेमानं हसले. "चखने की अब क्या ज़रूरत, माणिकराव? अब कहाँ के सरकार, कहाँ के आबदार. ऐसेच दे दो."

मी बाजारात माणसं बुडताना पाहिली आहेत. तो चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. देवडीच्या चौकात जी नोकरी गेली नव्हती ती त्या वाक्यानं गेली.

माणिकरावांनी चमचा खाली ठेवला. गळ्यातला हिरवा धागा डोक्यावरून काढला आणि भिंतीच्या खुंटीला नीट अडकवला. परत आले, चमचा भरला, घेतला. घटकाभर सरळ उभे राहिले, नेमाप्रमाणं. मग पेला बुडाशी दोन बोटांनी धरून पुढं केला.

"हाजिर है, सरकार."

नवाबसाहेबांनी तो घेतला.  अर्धा पिऊन ठेवला, लवकर उठले, रिक्षात बसले. मी माणिकरावांना दंडाला धरून हलवलं. "काय केलंत हे? तो नको म्हणत होता." ते माझ्याकडं बघत होते, पण मला नाही. "नको म्हणाले म्हणून तर चाखलं," एवढंच बोलले. पेल्यात अर्धी उरली होती. मी तिथून संतापानं निघून आलो.

दिवाळी झाली असेल. गंगावहिनी एका पोत्यात बाटल्या घेऊन दुकानात आली. त्याच बाटल्या, त्या पेटीतल्या. आतून-बाहेरून धुऊन लख्ख केलेल्या. ज्या भरलेल्या घ्यायला मी इतका जीव टाकला त्या अशा आल्या. मी एक बाटली उचलून उजेडात धरली तेव्हा ती म्हणाली, "भावजी, रिकाम्याच घेता ना तुम्ही?"

भाव मी केला नाही.

पेटी अशी संपली आणि ते शिंदीवर आले. मुसीच्या काठाला, मलकपेठेच्या बाजूला शिंदीचं एक कंपौंड, म्हणजे उघड्यावरचा गुत्ता, होतं. तिथल्या बाटल्यांचा ठेका घ्यायला मी एका दुपारी गेलो. हमाल, रिक्षावाले, चिखलात फतकल मारून बसलेले. त्यांच्यामधून माणिकराव फिरत होते. धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं, गळा उघडा. एकेकाचा लोटा ते उचलायचे, एक घोट घ्यायचे, क्षणभर सरळ उभे राहायचे, मग कड धोतराच्या सोग्यानं पुसून लोटा दोन बोटांवर तोलून परत करायचे. लोक हसत होते आणि देत होते. "ए आबदार, हमारा भी चखो." असा प्रत्येकाकडून एक घोट. दिवसभराची सोय.

ते माझ्यापुढं आले. ओळखलं नाही. सलाम केला.

"क्या हाजिर करूँ, सरकार?"

ज्यांनी मला कधी शेठ म्हटलं नाही ते मला सरकार म्हणत होते. मी म्हटलं, "मला पाणी द्या, माणिकराव."

ते थांबले. पाणी हा शब्द कुठंतरी जाऊन लागला असावा. वळून कोपऱ्यात गेले. तिथं शिंदीचं एक रिकामं मडकं पडलं होतं, काठ फुटलेलं. त्याच्यापुढं उकिडवे बसले, आत वाकून पाहिलं, बाहेरून तळवा ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"अजून गार नाही झालं. दम धरा."

आणि मडक्याचा काठ धरून ते हळूहळू फिरवायला लागले. मी तिथं उभा राहिलो. पुष्कळ वेळ उभा राहिलो. कंपौंडचा ठेकेदार दोनदा बोलावून गेला. मी निघालो तेव्हाही ते फिरवतच होते.